साधं पाणी

म्युनिकला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घराजवळच्या एका लहानशा खाणावळीत जेवायला गेलो. २०१० सालचा नोव्हेंबर होता. मला सातवा महिना चालू होता आणि घसा सारखा कोरडा पडायचा. वाढणाऱ्या बाईंनी प्यायला काय आणू म्हणून विचारलं, मी पाणी मागितलं. त्यांनी विचारलं, ‘मिट ओडर ओने?’ म्हणजे, घालून की न घालता? काय घालून, ते मला कळेना. चार शब्दांच्या जर्मनवर मी सांगितलं, नेहमीचं, साधं पाणी. बाईंनी हसून मान हलवली आणि बाटलीतलं फसफसणारं पाणी आणून पेल्यात ओतलं. पहिल्याच घोटाला नाकात झिणझिण्या आल्या. बाईंची काही चूक नव्हती. मी साधं मागितलं होतं आणि त्यांनी साधंच आणलं होतं.

त्या पेल्यापाशी एक गोष्ट मनात रुजली. ती नीट उलगडायला पुढची कितीतरी वर्षं गेली. परदेशी गेलेल्या माणसाला नवं काय आहे ते लगेच दिसतं. भाषा वेगळी, हवा वेगळी, कपडे वेगळे. त्याची मनाशी तयारी केलेली असते. तयारी नसते ती आजवर ज्याला आपण ‘साधं’ म्हणत आलो त्याची. एका देशातून दुसऱ्या देशात आणि तिथून तिसऱ्या देशात संसार हलवताना माझ्या रोजच्या जगण्यात जे घडत गेलं, त्याचं सार एवढंच आहे, की ज्याला आपण साधं म्हणतो ते आपलं असतं. इतकं आपलं, की ते आपलं आहे हेसुद्धा ध्यानात येत नाही.

मला हे पाण्याने शिकवलं, म्हणून पाण्याच्याच वाटेने सांगते.

‘साधं’ हा आपल्या बोलण्यातला फार कामाचा शब्द. फोडणी नाही ते साधं वरण. भाजी नाही तो साधा डोसा. बँड नाही, मानपान नाही ते साधं लग्न. साधं हे आधीपासून असतंच, मग त्यात कुणीतरी काहीतरी घालतं, अशी आपली समजूत. हॉटेलात टेकल्याबरोबर पोऱ्या विचारतो, ‘साधं की बिसलेरी?’ म्हणजे बाटलीतलं ते कुणीतरी केलेलं आणि नळाचं ते आपोआप असलेलं.

पुण्यात वाढलेल्या मला पाण्याला चव असते हेच माहीत नव्हतं. पाणी म्हणजे नळाला येतं ते. खरं तर तेही आपोआप येत नव्हतं. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस काळ्या कातळावरून धावत पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांत उतरतो आणि तिथून शहरात येतो. हा कातळ पाण्यात सहजी विरघळत नाही. त्यामुळे ते पाणी वाटेत क्षार फारसे उचलत नाही, हलकंच राहतं. त्या पाण्यात तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी होते आणि साबणाला चटकन फेस येतो. मला वाटायचं, हा डाळीचा गुण आणि साबणाचा गुण. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकवलं होतं. दोन गुणांचं उत्तर म्हणून ते पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरून गेले.

लग्नानंतर २००६ साली मी मस्कतला गेले. रुवी भागात तिसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं. ओमानमध्ये बारमाही नदी नाही. डोंगरांतल्या कोरड्या ओढ्यांना ‘वादी’ म्हणतात; पाऊस पडला तर त्या तासाभरात दुथडी भरून वाहतात आणि पुन्हा कोरड्या होतात. एवढं मोठं शहर वाढलं ते समुद्राचं पाणी गोडं करून. घुब्रा इथला त्यासाठीचा प्रकल्प १९७६ सालचा. म्हणजे मस्कतच्या नळातलं साधं पाणी हे यंत्रांनी आणि इंधनाने घडवलेलं पाणी होतं.

पहिल्या मे महिन्यात मी हात धुवायला नळ सोडला आणि चटका बसून हात मागे घेतला. गीझर तर बंद होता. शेजारच्या मल्याळी चेचींनी, म्हणजे ताईंनी, मला न्हाणीघरात उभं करून शिकवलं. गच्चीवरची टाकी उन्हात दिवसभर तापते, म्हणून उन्हाळ्यात निळ्या खुणेच्या नळाला कढत पाणी येतं. गीझरचं बटण बंद ठेवायचं, म्हणजे त्यात साठलेलं पाणी घरातल्या गारव्यात निवतं, आणि लाल खुणेच्या नळातून ते थंड येतं. मे ते सप्टेंबर लाल म्हणजे थंड आणि निळं म्हणजे गरम. हे डोक्याला एका मिनिटात कळलं. हाताला कळायला एक अख्खा उन्हाळा लागला. दुसऱ्या वर्षी मात्र मे उजाडला तसा हात आपोआप लाल नळाकडे गेला. आता वाटतं, मस्कत मला थोडंसं आपलं वाटू लागलं ते त्या दिवसापासून. निवासाचा परवाना त्याआधीच वर्षभर पर्समध्ये होता.

त्या काळात एकदा निजव्याला फलज पाहायला गेलो. डोंगराच्या पोटातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उताराच्या बळावर, मैलोगणती आणून वस्तीला आणि खजुराच्या बागांना द्यायचं, ही ओमानची जुनी विद्या. असे सुमारे ३,००० फलज आजही वाहते आहेत आणि त्यांतल्या पाचांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. आपल्या मराठवाड्यातल्या मलिक अंबरच्या नहरीशी याचं नातं लगेच जाणवतं. तिथल्या एका म्हाताऱ्या बागाईतदाराने आम्हाला आधी वेलचीचा कहवा आणि खजूर दिले आणि मग पाटाच्या कडेकडेने चालत पाण्याची रीत समजावली. बागेच्या पाण्याचा हिस्सा वेळेत मोजतात. तुझं पाणी म्हणजे तुझा अर्धा तास. दिवसा तो सावलीवरून ठरायचा आणि रात्री ताऱ्यांवरून. पण पाणी जिथे पहिल्यांदा उघड्यावर येतं ती जागा पिण्याची. तिथे कुणाचा हिस्सा नाही. वाटसरूनेही तिथे प्यावं. त्याच्या खाली मशीद, त्याच्या खाली अंघोळीच्या जागा आणि सगळ्यात शेवटी बागा. मी ते ऐकून घेतलं. त्याची किंमत मला फार नंतर कळली.

पुढच्याच जूनमध्ये गोनू चक्रीवादळ आलं. वाद्या शहरातून वाहिल्या, रस्ते उखडले, आणि पाणी गोडं करणारे प्रकल्पच बंद पडल्यामुळे मस्कतचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. दारात गुडघाभर पाणी आणि प्यायला थेंब नाही. फोन लागला तेव्हा आईला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘आमचंही तेच झालं होतं गं.’ १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, शनिवारात राहायची. पुरात पेठा बुडाल्या आणि धरणच गेल्यामुळे नंतर प्यायच्या पाण्याचे हाल झाले. गाळ काढलेले आड आणि जुने हौद यांवर लोकांनी दिवस काढले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण त्या गोष्टीतलं ‘पाणी’ आणि माझ्या नळातलं पाणी एकच आहे, हे मला मस्कतला बादल्या घेऊन निळ्या टँकरमागे उभी राहिले तेव्हा उमगलं.

मग म्युनिक. मुलगी झाली आणि बाळंतपणासाठी आई आली. आल्या दिवशीच तिने वरणभाताचा कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या, चार झाल्या. झाकण काढून पाहिलं तर डाळ खाली आणि पाणी वर. रवीने घोटलं तरी दाणा दाण्यापासून सुटाच. आई म्हणाली, डाळ जुनी आहे. दुसऱ्या दुकानातून नवी डाळ आणली. रात्रभर भिजत घातली. सहा शिट्ट्या केल्या. वरण काही मिळून येईना. चहावर राखाडी साय धरल्यासारखा तवंग यायचा, आणि मुलीचे धुतलेले लंगोट पापडासारखे कडक व्हायचे. पन्नास वर्षं स्वयंपाक केलेली माझी आई तीन दिवसांत गप्प गप्प झाली. आपला हात गेला, असं तिला वाटू लागलं.

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी बाळाला बघायला आल्या. त्यांची आणि आईची भाषा एक नाही. त्या स्वयंपाकघरात आल्या, पाणी उकळायच्या आमच्या किटलीत डोकावल्या आणि त्यांनी बोटाने आतला पांढरा थर दाखवला. मग घरी जाऊन व्हिनेगरची बाटली घेऊन आल्या. आईने नखाने तो थर खरवडला, दोन बोटांत चुरला, आणि तिचा चेहरा उजळला. ‘अगं, हा तर चुना!’ तिने पुढच्या कुकरात डाळीवर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. त्या दिवशी वरण मिळून आलं.

त्याचं कारण असं आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेतं, म्हणून किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी चुनखडीच्या खडकातून झिरपलं की चुना विरघळवून सोबत आणतं. म्युनिकला १८८३ सालापासून पाणी येतं ते आल्प्सच्या पायथ्याच्या मांगफाल खोऱ्यातून, आणि तिथली जमीन चुनखडीच्या दगडगोट्यांची. पाणी अतिशय निर्मळ, फारशी प्रक्रिया न करता नळातून थेट पिण्याजोगं, पण जड. ते उकळलं की कर्बवायू उडून जातो आणि चुना खाली बसतो. तोच किटलीतला थर. डाळीच्या दाण्याला धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं त्याला हा चुना आणखी घट्ट बांधतो, म्हणून डाळ गळत नाही. सोडा ही गाठ सैल करतो. आईच्या हाताचा त्यात काहीच दोष नव्हता. तिचा हात खडकवासल्याच्या पाण्यावर तयार झालेला होता, एवढंच. तिला जे ‘डाळ शिजवता येणं’ वाटत होतं, ते खरं म्हणजे सह्याद्रीच्या पाण्यात डाळ शिजवता येणं होतं.

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं, कारण परदेशात राहणाऱ्यांचं पुष्कळसं दुःख या जागी उगवतं. नव्या देशात माणूस अडखळतो तो अवघड गोष्टींत कमीच. अवघड गोष्टींसाठी तो वकील गाठतो, भाषेचा वर्ग लावतो, कुणाचा तरी सल्ला घेतो. तो अडखळतो ते डाळ शिजवताना, कचरा टाकताना, जिना चढताना समोर आलेल्याला काय म्हणावं ते न सुचून. आणि या गोष्टी साध्या म्हणून त्यांत अडखळण्याची त्याला लाज वाटते. आपलं काहीतरी कमी पडतंय, असं तो मनाशी धरून बसतो. त्याला कुणीतरी किटलीतला थर दाखवायला हवा असतो. कमी काही पडलेलं नाही, पाणी बदललंय, एवढं सांगणारं माणूस भेटलं की निम्मं ओझं उतरतं.

हळूहळू हात शिकले. जर्मनीत कपड्यांच्या साबणाच्या पुड्यावर तीन रकाने छापलेले असतात: हलक्या पाण्यासाठी किती, मध्यमसाठी किती आणि जडसाठी किती. मी तिसरा रकाना बघू लागले. भांड्यांच्या यंत्रात महिन्याकाठी मीठ भरू लागले. दर शनिवारी किटलीत व्हिनेगर. रविवारी तिकडे दुकानं बंद, काचेच्या बाटल्या पेटीत टाकून आवाज करायचा नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. सुरुवातीला ती शांतता अंगावर यायची, नंतर तिची सवय झाली. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत शिरताना बसलेल्या सगळ्यांना ‘ग्र्यूस गॉट’ म्हणायचं, हेही जिभेवर बसलं.

वेळेचंही तसंच. सात वाजता दिवेलागण होते, देवाजवळ दिवा लावायचा आणि शुभंकरोति म्हणायचं, हे माझ्या मनात घड्याळाइतकं पक्कं होतं. म्युनिकला डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्यास्त आणि जूनमध्ये सव्वानऊला. पहिल्या जूनमध्ये सात वाजता मी निरांजन लावलं तेव्हा खिडकीतून इतकं लख्ख ऊन येत होतं की ज्योत दिसेना. मग ठरवावं लागलं, की दिवा घड्याळाला लावायचा की काळोखाला? पुण्यात हा प्रश्नच नव्हता, कारण तिथे दोन्ही जवळपास एकाच वेळी यायचं. मी मुलीच्या झोपेच्या वेळेला दिवा लावू लागले. शुभंकरोति तेच राहिलं, त्याची वेळ मला स्वतः निवडावी लागली. परंपरा अशी हातात घेऊन निवडावी लागली की ती जास्त जवळची होते, असा माझा अनुभव आहे.

२०१७ साली सिंगापूरला बदली झाली. मुलगी सहा वर्षांची होती. नव्या घरातल्या पहिल्या संध्याकाळी ती न्हाणीघरातून बाहेरच येईना. मी आत डोकावले तर ती बेसिनपाशी चवड्यांवर उभी राहून हात धुतेय, पुसतेय, पुन्हा नळाखाली धरतेय. डोळ्यांत पाणी. म्हणाली, ‘आई, साबण जातच नाही.’ मी तिचे हात हातात घेतले. स्वच्छ होते, पण बुळबुळीत लागत होते. हलक्या पाण्यात साबण धुऊन टाकला तरी त्वचेवर निसरडेपणा राहतो. पुण्यात माझे हात तीस वर्षं तसेच होते आणि मला ते कधी जाणवलं नव्हतं.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. म्युनिकला मी तक्रार करत होते की साबणाला फेस येत नाही. माझी मुलगी तक्रार करत होती की साबण जात नाही. दोन्ही तक्रारी एकाच गोष्टीबद्दलच्या. माझं ‘साधं’ तिच्यासाठी परकं होतं आणि माझ्यासाठी जे परकं, ते तिचं साधं होतं. तिला मी मराठी दिली, वरणभात दिला, शुभंकरोति दिलं. पण तिच्या हातांना पहिलं पाणी मांगफालचं मिळालं होतं आणि ते मला बदलता येणार नव्हतं. बदलायचं कारणही नव्हतं. मी तिला फक्त जर्मन आजींनी आईला जे दाखवलं तेच सांगितलं. हात स्वच्छ आहेत बाळा, पाणी बदललंय.

सिंगापूरचं पाणी समजून घेताना तर ‘साधं’ या शब्दाचा उरलासुरला आधारही सुटला. या बेटाच्या नळात चार ठिकाणचं पाणी येतं: बेटावरच पडलेला आणि जलाशयांत साठवलेला पाऊस, शेजारच्या जोहोरहून येणारं नदीचं पाणी, समुद्राचं गोडं केलेलं पाणी आणि सांडपाणी पराकोटीचं शुद्ध करून मिळवलेलं पाणी. २००३ सालापासून मिळणारं हे शेवटचं पाणी मुख्यतः कारखान्यांना जातं आणि कोरड्या दिवसांत जलाशयांतही सोडलं जातं. जोहोरच्या नदीचं रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेण्याचा करार १९६२चा आहे आणि तो २०६१ला संपतो. इथल्या शाळेत मुलांना हे शिकवतात. माझ्या मुलीला आठव्या वर्षी ठाऊक होतं की नळ सोडल्यावर येणारं पाणी कुठून येतं, कुणाच्या करारातून येतं, आणि तो कधी संपणार आहे. खाद्यपेयांच्या गाळ्यावर पाणी मागितलं की अंकल विचारतात, कोमट की गार? तिथेही नुसतं पाणी नाहीच. दिवेलागण मात्र इथे वर्षभर सातच्या सुमारासच, पुण्याहून घट्ट. पण तीही नुसती निसर्गाची देणगी नाही. १९८२च्या १ जानेवारीला घड्याळं अर्धा तास पुढे केली म्हणून ती साताला येते.

सिंगापूरहून एका मे महिन्यात पुण्याला गेलो. मुलीने पेला तोंडाला लावला आणि आजीला म्हणाली, ‘आजी, या पाण्याला वास येतो.’ आई दुखावेल असं मला वाटलं. मीही एक घोट घेतला. क्लोरीनचा वास होता, आणि त्याखाली माती ओली झाल्यासारखी एक अगदी पुसट चव. चाळिशी ओलांडल्यावर मी माझ्या गावचं पाणी पहिल्यांदा चाखलं. आई म्हणाली, ‘पाणी तेच आहे. तुम्ही आता चव घेऊन पिता.’

तिच्या या वाक्याने मी पुष्कळ मागे गेले. माझी आजी गुहागरहून लग्न होऊन पुण्यात आली. कोकणातल्या विहिरीचं पाणी सोडून आलेल्या त्या मुलीला पहिलं वर्षभर कसलीच चव लागली नव्हती, असं ती सांगायची. सासरची माणसं विचारायची, सुनेला इकडचं पाणी मानवलं का? माहेर सुटलेल्या प्रत्येक बाईने हे भोगलंय. देश बदलताना जे माझ्या वाट्याला आलं, ते तिच्या वाट्याला घाट चढून येताना आलं होतं. फरक एवढाच, की तिचं अडखळणं हे कुणी ज्ञान म्हणून मोजलं नाही.

आणि आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. मी ज्याला लहानपणी साधं पाणी म्हटलं, ते साधं होतं कारण मला ते कुणी अडवलं नव्हतं. २० मार्च १९२७ला महाडला डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं. गुरांना मोकळं असलेलं पाणी त्या माणसांना बंद होतं. त्या ओंजळीत माणूसपणाचा हक्क होता. शाळेत मी हा धडाही वाचला, त्याचीही उत्तरं लिहिली. पण नळ सोडताना ते कधी आठवलं नाही. आपल्याला साधं वाटणं हीसुद्धा एक मिळकत असते. ज्याला ती मिळालेली असते त्याला ती दिसत नाही, आणि ज्याला नाकारलेली असते त्याला ती रोज दिसते. हे मला पुण्यात राहूनही कळायला हवं होतं. परक्या देशात तीनदा अडखळल्यावर कळलं.

इथे कुणी विचारेल, की मग अशा माणसाला घर उरतं का? ना इकडचा, ना तिकडचा, अशीच त्याची गत होते ना? प्रश्न खरा आहे आणि त्यातलं नुकसानही खरं आहे. एकदा लागलेली चव पुन्हा न लागलेली करता येत नाही. पुण्याच्या पाण्याला मी आता नुसतं पाणी म्हणू शकत नाही, आणि म्युनिकच्या किंवा सिंगापूरच्या पाण्यालाही नाही. डोळे मिटून प्यावं असं पाणी माझ्यापाशी उरलं नाही. कधी कधी रात्री त्याचं वाईटही वाटतं.

पण सगळंच बदलतं असंही नाही. निजव्याच्या त्या म्हाताऱ्याने दाखवलेली रीत मला अशा वेळी आठवते. बागेच्या पाण्याला हिस्से आहेत, वेळा आहेत, मालक आहेत. पिण्याच्या जागेला नाहीत. मस्कतला घरांच्या आणि मशिदींच्या भिंतीलगत थंड पाण्याची यंत्रं बसवलेली असतात. उन्हातून आलेला बांगलादेशी मजूर, मल्याळी चालक, पाठीवर दप्तर असलेला ओमानी मुलगा, सगळे तिथे थांबून पितात. आपल्याकडची चैत्र-वैशाखातली पाणपोई तीच. पाणी प्रत्येक ठिकाणचं निराळं आहे, तहान निराळी नाही. साधं काही असेल तर ती तहान. आपल्या पाणपोयांवर एके काळी काहींच्या ओंजळीत लांबून, वरून पाणी ओतलं जायचं, ते म्हणूनच इतकं मोठं पाप होतं. तसं ओतणाऱ्यांनी साध्यातली साधी गोष्टच नाकारली.

गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलं. सामान लावून झाल्यावर ती मुलगी आमच्याकडे आली. लातूरची आहे. दमली होती. मी विचारलं, काय घेशील? म्हणाली, ‘काही नको काकू, साधं पाणी द्या.’ मी पेला घेतला, नळापर्यंत गेले आणि मागे वळून विचारलं, ‘तुमच्याकडे साधं म्हणजे कसं गं?’

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग खुर्चीत सावरून बसली आणि सांगू लागली. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा ती कॉलेजात होती. आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. रात्री दोनला आला तरी घरातले सगळे घागरी, पिंपं, पातेली घेऊन धावायचे. बोअरचं पाणी मचूळ, ते वापरायला. टँकरचं प्यायला, फडक्याने गाळून रांजणात भरायचं. ‘आमच्याकडे साधं म्हणजे रांजणातलं,’ ती म्हणाली. ‘त्याला मातीचा वास असतो. इथलं काल प्यायले, तर काही प्यायल्यासारखंच वाटेना.’

माझ्याकडे रांजण नाही. पुण्याहून आणलेला एक लहानसा मातीचा माठ आहे, खिडकीत झाड लावायला ठेवलेला. तो धुऊन घेतला, पाण्याने भरला आणि तिच्याबरोबर घरी पाठवला. उद्या सकाळपर्यंत मुरेल, म्हटलं. आणि हो, इथे डाळ लवकर शिजते. शिट्ट्या तीनच कर.